कंदील

साडेदहाला शीतल झोपतो.
भिंतीकडे तोंड करून म्हणतो, झोपताना असलं कसलं बघतेस,
आणि मी टीव्हीचा आवाज एकवर आणते.
खुनाला तसाही फार आवाज लागत नाही.

मला ते सिनेमे आवडतात
ज्यांत कुकरची शिट्टी होते
आणि कॅमेरा स्वयंपाकघराच्या दाराशी
जरा जास्तच वेळ थांबतो.
भुताखेतांचे नकोत. भूत म्हणजे पळवाट.
मला माणसानं केलेलं हवं,
दुधाचं बिल वेळेवर देणाऱ्या माणसानं.

गुन्हेगार मला पहिल्या वीस मिनिटांत कळतो.
भाची विचारते, मामी, कसं गं?
मी म्हणते, सवयीनं.
खरं तर मी एवढंच बघत असते
की प्रेताजवळ रडणाऱ्या बाईला
पहिला तांब्या कोण आणून देतं.

हरिपुरात आमची नऊ पेवं होती.
तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं,
खाली वीस-पंचवीस फूट अंधार, आणि हळद.
वरून शेणामातीनं लिंपलं की
हवा नाही, कीड नाही,
वर्षानुवर्षं रंग तसाच.
उघडायचं तर आदल्या दिवशी उघडायचं,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
ज्योत जगली तर माणूस.
विझली तर थांबायचं.

त्या दिवशी भाव चढला होता.
गणपती पेठेतून दोनदा निरोप येऊन गेलेला,
पेव सकाळीच फोडलेलं,
आणि मी आठ वर्षांची, चिंचेखाली,
फ्रॉकच्या ओच्यात चिंचोके.
कंदील खाली गेला.
आप्पांनी वर ओढला.
मी पाहिला. त्यात काही नव्हतं.

वाऱ्यानं गेला असेल, आप्पा म्हणाले,
उतर रे यल्लाप्पा.

सिनेमात अशा वाक्यामागे संगीत असतं.
तिथं ट्रकचं इंजिन चालू होतं.
यल्लाप्पानं कमरेची चंची सोडून कडेला ठेवली,
वर आल्यावर खायची म्हणून,
माझ्याकडे बघून उगाच डोळा मिचकावला
आणि पाय आत सोडले.

पेवात वारा नसतो.
हे हरिपुरात आठ वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं.

पंचनाम्यात अपघात लिहिलं. अक्षर वळणदार होतं.
नीलव्वाला पाण्याचा तांब्या आप्पांनीच दिला,
पुढं दर दिवाळीला लुगडं,
पोराला अडतीवर नोकरी.
लोक म्हणायचे, देवमाणूस.
मीही म्हणायचे,
त्यांच्या मांडीवर बसून, त्यांच्या ताटातलं खाऊन.
ती चंची कुणी उचलली, मला आठवत नाही.
कुठल्याच सिनेमात अजून दिसली नाही.

मग पाच सालच्या पुरात कृष्णा आणि वारणा
दोघी मिळून पेवांत उतरल्या,
कंदील न सोडता.
आप्पा त्याच्या आदल्या वर्षीच गेलेले,
झोपेत, धुतलेल्या सदऱ्यात.
आता हळद कोल्ड स्टोरेजात असते,
पोत्यांना नंबर असतात,
आणि पावत्यांवर सही माझी.

पडद्यावर एक फौजदार बाई
त्याच घरात तिसऱ्यांदा चहा पितेय.
ती कपाकडे बघत नाही, त्याच्या हातांकडे बघतेय.
मघाशी बशी ठेवताना तो हात थांबला, तिनं पाहिलं.
शेजारच्या खोलीत त्याची मुलगी पाढे म्हणतेय,
सतराचा, चुकत, परत पहिल्यापासून.
बाई आता विचारणार.
पुढची दहा मिनिटं मी कधीच बघितलेली नाहीत,
कुठल्याच सिनेमाची.

मी रिमोट दाबते. खोली काळी होते.

शीतल अर्धवट झोपेत विचारतो,
लाइट गेली का गं?

वाऱ्यानं गेली असेल, मी म्हणते.

वर पंखा फिरत असतो.
तो पांघरूण ओढून घेतो,
आणि झोपतो.